पहिलीसाठी खाजगी शाळा: आधी कागद, मग वह्या, मग फी

एका पालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाईल, जन्म ऑक्टोबरचा. घर पुण्याच्या पश्चिमेला, रावेत-पुनावळेच्या नव्या वस्तीत. घरात मराठी बोलतात. तीन शाळा पाहून झाल्या आहेत. पहिली शाळा दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली, नावात ‘इंटरनॅशनल’ असलेली, ‘सीबीएसई पॅटर्न’ची, फी ७० हजार. दुसरी जुन्या संस्थेची, स्टेट बोर्डाची इंग्रजी माध्यमाची, फी ४२ हजार. तिसरी मोठ्या नावाची सीबीएसई, फी १ लाख ४० हजार, पण घरापासून १३ किलोमीटर. सोसायटीतले सगळे म्हणतात, सीबीएसईच हवी. कोणती निवडावी?

शाळा न पाहता तिचे नाव सुचवणे बरोबर होणार नाही. पण कोणत्या क्रमाने तपासायचे हे कळले तर पंधरा दिवसांत तुमचे तुम्हीच ठरवू शकाल. बहुतेक पालक बोर्डापासून सुरुवात करतात, मग इमारत पाहतात, मग फीवर अडतात, आणि कागद प्रवेश झाल्यावर बघतात किंवा बघतच नाहीत. हा क्रम उलटा करा. कागद तपासायला पैसे लागत नाहीत, आणि तीनपैकी एखादी शाळा तिथेच गळू शकते.

प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, असतो. महाराष्ट्रातल्या शाळेचा क्रमांक २७ ने सुरू होतो. शाळेच्या कार्यालयात तो मागा आणि यू-डायस प्लसच्या ‘नो युवर स्कूल’ या पानावर टाका. तिथे शाळेचे रिपोर्ट कार्ड मिळते: इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे. नाव आणि पत्ता तुम्ही पाहिलेल्या इमारतीचाच आहे ना, हे नीट जुळवा. एका संस्थेच्या दोन-तीन शाखा असतात, मान्यता एकीला असते आणि दुसरी तिच्या नावावर चालते. हा घोटाळा नव्या वस्त्यांमध्ये वारंवार दिसतो. मान्यता संस्थेला मिळत नाही. ती ठरावीक पत्त्याला, ठरावीक माध्यमाला आणि ठरावीक इयत्तांपर्यंत मिळते. त्यामुळे ‘आमच्या संस्थेच्या सात शाळा आहेत’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

राज्याच्या मान्यतेचा आदेश पाहायला मागा. नव्या खाजगी शाळा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली सुरू होतात, त्यामुळे शासनाच्या परवानगीचे पत्र त्यांच्याकडे असायलाच हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवणे गुन्हा आहे. दंड १ लाख रुपयांपर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दर दिवसाला १० हजार. जिल्हा परिषदा आणि महापालिका अनधिकृत शाळांची यादी काढतात, पण ती पुष्कळदा उन्हाळ्यात येते. तोवर पालकांनी पहिला हप्ता भरलेला असतो. यादीची वाट पाहू नका. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज देऊन ‘अमुक पत्त्यावरच्या या शाळेला कोणत्या इयत्तेपर्यंत मान्यता आहे’ एवढे विचारा, आणि पोच घ्या.

आता ‘सीबीएसई पॅटर्न’. या शब्दाला कायद्यात काही अर्थ नाही. त्याचा अर्थ फार तर एवढाच की शाळेत केंद्राच्या एनसीईआरटी या संस्थेची किंवा तशा धर्तीची खाजगी प्रकाशकांची पुस्तके वापरतात. सीबीएसईशी खरोखर संलग्न शाळेला बोर्डाचा सात आकडी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रात तो ११३ ने सुरू होतो. बोर्डाच्या ‘सारस’ संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचा पत्ता, संलग्नता कोणत्या टप्प्यापर्यंत आहे आणि किती सालापर्यंत आहे हे दिसते. टप्पा फार महत्त्वाचा. काही शाळांची संलग्नता आठवीपर्यंतचीच असते. दहावीच्या परीक्षेसाठी बोर्डाकडे मुलांची नोंदणी नववीत होते, आणि तेव्हा शाळेला माध्यमिक टप्प्याची संलग्नता नसेल तर ती नोंदणी आपल्या नावाने करू शकत नाही. मग मुलांची नावे दुसऱ्याच शाळेतून पाठवली जातात किंवा पालकांना आठवीच्या शेवटी दाखला काढावा लागतो. तुमच्या पहिल्या शाळेने ‘संलग्नता प्रक्रियेत आहे’ असे सांगितले असणार. राज्याची मान्यता असेल तर ती बेकायदेशीर नाही, पण आज ती सीबीएसई शाळाही नाही. सीबीएसईच्या नावावर जी जास्तीची फी घेतली जाते ती कशाची, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खरी सीबीएसई शाळा असेल तर तिच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ नावाचे पान असणे बोर्डाने सक्तीचे केले आहे. इमारत सुरक्षा, अग्निसुरक्षा, पाणी-स्वच्छता यांची प्रमाणपत्रे, फीचा तक्ता, शिक्षकांची संख्या आणि तीन वर्षांचे निकाल तिथे असावे लागतात. प्रमाणपत्रांच्या फाइली उघडून तारखा बघा. मुदत संपलेले प्रमाणपत्र तसेच ठेवलेले असते आणि कुणी उघडतच नाही. अग्निसुरक्षेसाठी आणखी एक कागद मागा, हा कुठल्याही बोर्डाच्या शाळेला लागू आहे: फॉर्म ‘बी’. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. इमारत बांधताना मिळालेला जुना ना हरकत दाखला दाखवून वेळ मारून नेली जाते. तो पुरेसा नाही.

रिपोर्ट कार्डातला इयत्तावार पट लावून बघा. पहिलीत १६० मुले आणि सातवीत ५५, असे जुन्या शाळेत दिसले तर मधली मुले कुठे गेली हे विचारायलाच हवे. नव्या शाळेत वरचे वर्ग लहान असणे स्वाभाविक आहे. पंधरा वर्षे जुन्या शाळेत तसे दिसले तर पालक तिसरी-चौथीनंतर मुले काढून घेत आहेत, आणि त्याचे कारण तुम्हाला माहितीपत्रकात सापडणार नाही. सहावी-सातवीच्या पालकांना विचारा. नर्सरीचे पालक सगळेच खूश असतात.

कागद ठीक निघाले की शाळेत जा, पण शनिवारच्या ‘ओपन हाउस’ला नको. चालू दिवशी सकाळी दहा-साडेदहाला जा आणि परत एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा. शाळा तुम्हाला स्विमिंग पूल, स्मार्ट बोर्ड, रोबोटिक्सची खोली दाखवेल. तुम्ही तिसरीच्या एकाच तुकडीतल्या पाच मुलांच्या भाषेच्या आणि गणिताच्या वह्या मागा. शाळेने नाही म्हटले तर सोसायटीतल्या ओळखीच्या मुलांच्या वह्या घरी बसून बघा, तेही चालते. शाळेबद्दल जे कळायचे ते वहीत कळते. तिसरीच का, तर पहिलीच्या वहीवर घरच्यांचा हात असतो आणि पाचवीनंतर ट्यूशनचा. तिसरीच्या वहीवर शाळेचा.

पहिली गोष्ट तारखा. दिवाळीनंतरच्या महिन्यातली पाने उलटा. गणिताच्या वहीत सलग दहा-बारा दिवस काहीच नसेल तर बहुधा बाई बदलल्या आहेत किंवा वर्ग गॅदरिंगच्या तालमीत गेला आहे. डिसेंबरातले एक-दोन आठवडे गॅदरिंगला जाणे समजण्यासारखे आहे. महिनाभर जात असेल तर तो तुमच्या फीचा एक महिना आहे.

दुसरी गोष्ट उत्तरे. पाचही वह्यांत प्रश्नाचे उत्तर शब्दन्‌शब्द सारखे असेल तर ते फळ्यावरून उतरवले आहे. ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात पाचही मुलांचा आवडता प्राणी कुत्राच असेल, आणि तो पाचही ठिकाणी एकाच ओळीत शेपूट हलवत असेल, तर त्या वर्गात मुले लिहायला शिकत नाहीत, नक्कल करायला शिकतात. चांगल्या वहीत चुका असतात. मुलाची वाक्ये वाकडी असतात, पण त्याची स्वतःची असतात.

तिसरी गोष्ट लाल शाई, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. चुकलेल्या गणितावर बरोबरची खूण असेल तर वही न वाचता तपासली आहे. चुकीवर फुली आणि पुढे काहीच नाही, हीही अर्धीच तपासणी. तुम्हाला शोधायचे आहेत तीन थर: बाईंनी चूक दाखवली, मुलाने ते खाली पुन्हा सोडवले, आणि बाईंनी ते पुन्हा पाहून सही केली. ज्या शाळेत हे तीन थर निदान निम्म्या पानांवर दिसतात तिथे शिकवणे चालू आहे, मग इमारत साधी का असेना.

चौथी गोष्ट लिहिण्याचे ओझे. ज्युनिअर केजीच्या मुलाच्या वहीत रोज दोन पाने अक्षरे असतील तर शाळा पालकांना दाखवण्यासाठी लिहून घेते आहे. त्या वयात बोटांचे स्नायू तयार नसतात. पेन्सिल मुठीत धरण्याची सवय तिथेच लागते आणि पुढे अक्षर आणि वेग दोन्ही बिघडतात. त्या वयाला माती, मणी, कात्री, गोष्टी आणि भरपूर बोलणे हवे असते.

गणितासाठी एक छोटी तपासणी आहे. शाळेतल्या तिसरीच्या मुलाला ४२ मधून १७ वजा करायला सांगा. बहुतेक मुले २५ हे उत्तर देतील. मग विचारा, चारचे तीन का झाले? ‘दशक सुटा केला’ असे काही त्याच्या शब्दांत आले, किंवा त्याने काड्यांचा गठ्ठा सोडल्याची खूण केली, तर त्याला शिकवले आहे. ‘बाईंनी असंच करायला सांगितलंय’ असे आले तर पाचवीत अपूर्णांक आल्यावर ते मूल अडणार. भाषेसाठी कुठलेही चित्र पुढे ठेवून ‘यात काय चाललंय’ विचारा, माध्यमाच्या भाषेत. इंग्रजी शाळेतले तिसरीचे मूल तीन-चार मोडकी का होईना पण स्वतःची वाक्ये बोलले तर ठीक. ‘माय नेम इज’ पासून पाठ केलेले भाषण धडाधड म्हणाले आणि चित्रावर गप्प झाले, तर त्या शाळेतले इंग्रजी स्टेजपुरते आहे.

हे सगळे ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या बाई किती दिवस टिकतात, हा मुख्याध्यापकांना विचारायचा पहिला प्रश्न. ‘तुमचे शिक्षक अनुभवी आहेत का’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ठरलेले आहे. ‘पहिली आणि दुसरीच्या सगळ्या तुकड्यांच्या वर्गशिक्षिका या शाळेत किती वर्षे आहेत’ असे विचारा, आणि आकडे लिहून घ्या. अनेक विनाअनुदानित शाळांत शिक्षकांना अकरा महिन्यांच्या करारावर घेतात, मे महिन्याचा पगार देत नाहीत, म्हणून जूनमध्ये निम्मे चेहरे नवे असतात. सहा वर्षांच्या मुलाला बाईंची सवय व्हायला दिवाळी उजाडते. जानेवारीत बाई गेल्या तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. पहिली ते पाचवीच्या शिक्षिकांची पदविका प्राथमिकची, म्हणजे डी.एड. किंवा डी.एल.एड. असावी. बी.एड. हे माध्यमिक वर्गांसाठीचे शिक्षण आहे. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला कसे शिकवायचे हे त्यात शिकवत नाहीत.

तुकडीत मुले किती, तेही मोजा. सांगितलेला आकडा धरू नका, वर्गात डोकवा आणि बाके मोजा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. सीबीएसई तुकडीत ४० मुलांची मर्यादा सांगते. ३५ मिनिटांच्या तासाला ४५ मुले असली तर एकेकाच्या वाट्याला ४७ सेकंदसुद्धा येत नाहीत. त्यात वही तपासायची, शंका विचारायची, नाक पुसायचे. मदतनीस मावशी वर्गात असतील तर फरक पडतो, पण त्या शिक्षिका नव्हेत. काही शाळा दोघींना मिळून ‘दोन शिक्षिका’ म्हणतात.

आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: ‘दुसरीच्या शेवटीही वाचता येत नाही अशा मुलाचे तुम्ही काय करता?’ चांगली शाळा लगेच सांगते: कोण बसवते, आठवड्यातून किती वेळा, पालकांना केव्हा बोलावतात, विशेष शिक्षिका कोण. वाईट शाळा म्हणते, ‘आमच्याकडे अशी मुले नसतात.’ अशी मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यांना तिथे ठेवतात की हळूहळू दाखला घ्यायला लावतात, एवढाच प्रश्न. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि मग त्याच वर्गात बसवण्याची तरतूद आहे, त्यामुळे ही मदत पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झाली आहे.

तिसऱ्या शाळेबद्दल. १३ किलोमीटर हा आकडा बाजूला ठेवा आणि बसचा पूर्ण वेळ विचारा: तुमच्या थांब्यावर बस किती वाजता येते आणि दुपारी किती वाजता सोडते. रावेत-वाकड भागातून त्या बाजूला सकाळी ५० मिनिटे आणि परतताना तासभर लागत असेल, तर मुलीचा दिवस दोन तासांनी लहान झाला. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी एका बाजूला ३० मिनिटे ही माझ्या मते मर्यादा असावी. शासनाने २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले आहे, ते झोपेसाठीच. शाळा ९ ला भरत असेल आणि बस साडेसातला येत असेल तर त्या निर्णयाचा तुमच्या मुलीला काही उपयोग नाही. आजारपण, पाऊस, पालकसभा, विसरलेला डबा, मैत्रिणीचा वाढदिवस: दहा वर्षांत या गोष्टी शेकडो वेळा येतात, आणि शाळा जवळ असण्याचे मोल तेव्हा कळते.

बसमध्ये महिला मदतनीस, वेगनियंत्रक, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी असायला हवी. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत हे आहे. त्याच नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. रिक्षा किंवा व्हॅनवाले काका शाळेचे नसतील तर त्यांची जबाबदारी शाळा घेत नाही, हे आधीच समजून घ्या.

सुरक्षिततेत मुख्य जागा स्वच्छतागृह. लहान वर्गांची स्वच्छतागृहे वेगळी आहेत का, तिथे मावशीच असतात ना, पुरुष कर्मचारी त्या मजल्यावर कोणत्या वेळी येतात, हे सरळ विचारा. संकोच करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सर्व शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि तक्रारपेटी याबाबत आदेश दिले. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असावी असा निर्णय त्याआधी २०२२ मध्येच झालेला आहे. समितीत कोण आहेत, त्यांची नावे फलकावर आहेत का ते पाहा. कॅमेरा असणे आणि त्याचे चित्रण साठवलेले असणे यांत फरक आहे; चित्रण किती दिवसांचे राहते तेही विचारा.

आता पैसे. सांगितलेली फी म्हणजे खर्च नव्हे. ७० हजारांच्या शाळेचा हिशेब असा मांडा: फी ७०, बस २२, पुस्तके-वह्या ७, गणवेश-बूट-स्वेटर ६, सहल आणि उपक्रम ५. झाले १ लाख १० हजार. दरसाल सरासरी १० टक्के वाढ धरली तर दहावीच्या वर्षी हाच खर्च साधारण २ लाख ५९ हजार होतो, आणि पहिली ते दहावीची बेरीज साडेसतरा लाखांच्या आसपास जाते. तुमचे आकडे घालून तिन्ही शाळांचा असा तक्ता करा. पाचवीपर्यंत झेपणारी आणि सातवीत न झेपणारी शाळा मुलाला सगळ्यात महाग पडते, कारण तेव्हा मैत्री तुटते, पुस्तके बदलतात आणि चांगल्या शाळांत जागा नसते. घरात दुसरे मूल असेल किंवा होणार असेल तर तक्ता दोघांचा करा.

फीच्या कायद्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ‘दरवर्षी १५ टक्के वाढ कायद्याने मान्य आहे’ असे शाळाही सांगतात आणि पालकही मानतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात तसे काही नाही. त्यात असे आहे: व्यवस्थापन फीचा प्रस्ताव पुढचे वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवते. समितीने ठरवलेली आणि व्यवस्थापनाने मागितलेली रक्कम यांत १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. १५ टक्के एवढ्याशीच जोडलेले आहेत. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते. कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात. नंतरच्या दुरुस्तीने किमान २५ टक्के पालक एकत्र आले तर त्यांनाही विभागीय समितीकडे दाद मागता येते. म्हणून शाळा पाहताना विचारा: सोडत कधी झाली, समितीची यादी फलकावर लावली आहे का, फी मंजूर झाल्याचा ठराव कुठल्या तारखेचा. ही तीन उत्तरे देणारी शाळा पुढच्या फीवाढीतही सरळ वागण्याची शक्यता जास्त.

‘डेव्हलपमेंट फंड’, ‘संस्थेला देणगी’, ‘सीट कन्फर्म’ अशा नावाने रोख मागितली तर देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीबाहेरची अशी देणगी, घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड आहे. त्याच कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेण्यालाही बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. ‘नुसती ओळख’ म्हणून बोलावतात आणि मुलीला रंग, आकार, स्पेलिंग विचारतात, तीही चाचणीच. हे वागणे शाळेचा स्वभाव सांगते. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती शाळेच्या नावाने घ्या आणि ट्यूशन फी वेगळी दाखवून घ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात वजावट फक्त ट्यूशन फीला मिळते, देणगी आणि बस त्यात येत नाहीत. प्रवेश रद्द केला तर किती परत आणि कधी, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल किंवा मुलगी वंचित घटकात येत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज जरूर करा. घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या शाळांत प्राधान्य मिळते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमबदलाने बऱ्याच खाजगी शाळा यातून वगळल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. मात्र ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून पूर्ण फी भरावी लागते, त्याची तयारी आधीपासून हवी.

बोर्ड शेवटी ठेवले, कारण चौथीपर्यंत त्याने फारसा फरक पडत नाही. वाचणे, लिहिणे, मोजणे, विचारणे हे सगळीकडे सारखेच आहे. त्यातही राज्याने २०२५-२६ पासून पहिलीपासूनचा अभ्यासक्रम नव्या आराखड्याप्रमाणे बदलायला सुरुवात केली आहे, त्यामुळे तुमची मुलगी दहावीला पोचेपर्यंत ‘स्टेट म्हणजे सोपे’ हे जुने गणित तसेच राहणार नाही. आईवडिलांपैकी कुणाची नोकरी राज्याबाहेर बदलीची असेल तर सीबीएसई सोयीची. पुढे इथेच इंजिनिअरिंग किंवा फार्मसी करायची असेल तर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पाया राज्याच्या अकरावी-बारावीवर आहे, आणि अकरावीला बोर्ड बदलता येतेच. जेईई, नीटसाठीही निर्णय दहावीनंतर घेता येतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी प्रवेशपरीक्षेचे बोर्ड निवडणे म्हणजे उगाच घाई.

माध्यमाचेही बोलायला हवे, जरी तुम्ही विचारले नसले. घरात मराठी आहे आणि आसपास चांगली मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळा असेल, जिथे बाई टिकतात आणि वह्या वर सांगितल्यासारख्या आहेत, तर ती चौथी शाळा म्हणून यादीत घ्या. सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते, बाकी सगळे मुलीला समजणाऱ्या भाषेत. बाईंचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असलेल्या इंग्रजी शाळेपेक्षा हे कितीतरी भक्कम. पहिलीच्या वर्गात मूल प्रश्न विचारते ते त्याला येत असलेल्या भाषेत. ती भाषा वर्गात चालत नसेल तर ते विचारणे बंद करते, आणि ते नंतर परत आणणे फार कठीण जाते. इंग्रजी शाळाच ठरली तर २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचे आहे. आठवड्यात तास किती आणि शिकवते कोण हे पाहा. पुष्कळ ठिकाणी रिकामा तास असलेल्या कुणालाही तो देतात.

ऑक्टोबरच्या जन्माबद्दल. महाराष्ट्रात प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणजे तुमची मुलगी नियमात बसते. पण जूनमध्ये ती ५ वर्षे ८ महिन्यांची असेल आणि वर्गातल्या लहानांपैकी एक. डबा स्वतः उघडणे, स्वच्छतागृहात एकटी जाणे, वीस मिनिटे एका जागी बसून गोष्ट ऐकणे, पेन्सिल तीन बोटांत धरणे हे जमत असेल तर पाठवा. यातले दोन-तीन अजून जमत नसेल तर एक वर्ष थांबण्यात नुकसान नाही. बदलीची शक्यता असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की केंद्रीय विद्यालयात ६ वर्षे ३१ मार्चला पूर्ण असावी लागतात.

तुम्ही दिलेल्या माहितीवर माझा कल सांगायचा तर दुसऱ्या शाळेपासून सुरुवात करा. तिचे रिपोर्ट कार्ड, तिसरीच्या पाच वह्या आणि पहिलीच्या बाईंची वर्षे, एवढे तीन आकडे-पुरावे चांगले निघाले तर तिसऱ्या शाळेसाठी रोजचे दोन तास आणि वर्षाला लाखभर जास्त घालवण्याचे कारण मला दिसत नाही. वाचलेल्या पैशांत पुस्तके, पोहणे, एखादे वाद्य, प्रवास सगळे होईल. वह्या वाईट निघाल्या तर जुन्या संस्थेचे नाव बघून थांबू नका. पहिल्या शाळेचा विचार राज्याच्या मान्यतेचा आदेश हातात आल्यावरच.

शाळा ठरली की प्रवेश अर्ज घाईत भरू नका. त्यावरून जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मुख्य नोंदवहीत, नोंद होते आणि तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, पुढे पासपोर्टवर जाते. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे अक्षरन्‌अक्षर लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही. आधारवर वेगळे असेल तर आधी आधार दुरुस्त करा. जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ किंवा प्रवर्ग लिहून सोडू नका, जात-पोटजात तुमच्या जुन्या दाखल्यांवर आहे तशीच लिहा, कारण जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या रजिस्टरमधली नोंद पुरावा म्हणून मागतात. आणि दाखला काढायची वेळ येईपर्यंत थांबू नका. जून संपायच्या आत कार्यालयात जाऊन रजिस्टरमधली मुलीची ओळ स्वतः वाचा. त्याच महिन्यात क्लार्क ती समोर दुरुस्त करून देतो, शाळा सोडल्यावर त्याच एका अक्षरासाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.